डोळे उघडे असलेला एक फोटो

फोटोकाकांच्या दुकानात फोटो काढून घेतलेला माणूस ओळखपत्रावर कधी झोपाळू दिसला नाही. रात्रपाळी करून आलेला ड्रायव्हर असो, तान्ह्या बाळाची आई असो, काकांच्या फोटोत सगळे टक्क जागे. त्या भागातल्या निम्म्या लोकांचे उघडे डोळे काकांनी पकडलेले होते. फक्त घरच्या माणसाचे डोळे त्यांच्या हाती लागले नव्हते. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हा.

तसे काकूंचे फोटो होते, पुष्कळ होते. समुद्राकाठचे, डोंगरावरचे, लेक झाली तेव्हाचे, नव्या घराच्या दारातले. बाकी सगळे जागच्या जागी नीट आणि मधोमध काकू, दोन्ही डोळे घट्ट मिटून. नातेवाइकांना हा विषय कायम पुरायचा. एक दीर म्हणायचे, "वहिनींनी अख्खा संसार झोपेत केलाय, आणि तरी आमच्यापेक्षा बरा केलाय."

यामागचं कारण घरात फार पूर्वी ठरून गेलं होतं. काकांच्या कॅमेऱ्यात आरसा होता. बटण दाबलं की तो आरसा खट्कन वर उडायचा, फोटो निघायचा आणि आरसा पुन्हा खाली यायचा. काकू त्या आवाजाला दचकतात, असं काकांचं मत होतं, आणि घरात फोटोच्या बाबतीत काकांचं मत म्हणजे कायदा. "हिच्या पापण्या माझ्या शटरपेक्षा चपळ आहेत," असं ते पाहुण्यांना सांगायचे. काकू यावर काही बोलायच्या नाहीत.

काकूंच्या डोळ्यांत दोष नव्हता, हे मात्र सांगायला हवं. त्या एका ड्रायक्लीनिंगच्या दुकानात रफूचं काम करायच्या. कोटाला सिगारेटने पडलेलं भोक, शालीला कसर लागून झालेली चाळण, असं सगळं त्यांच्याकडे यायचं आणि जाताना भोक कुठे होतं ते मालकालाही सापडायचं नाही. सुईत धागा ओवताना त्यांची पापणी लवायची नाही. काकांनी हे हजारदा पाहिलं होतं आणि हजारदा वाटलं होतं, की आत्ता हातात कॅमेरा हवा होता. कॅमेरा आणेपर्यंत धागा ओवून झालेला असायचा.

काकांचा आणखी एक हट्ट होता. ते एकाचा एकच फोटो काढायचे. ज्या वस्तादांच्या हाताखाली ते शिकले, त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, की दुसरा फोटो काढावा लागला म्हणजे पहिल्या वेळी तू बघत नव्हतास. फिल्मचा जमाना संपला, कार्डं आली, दुसरे लोक एका माणसाचे वीस वीस फोटो काढून त्यातला एक निवडू लागले, तरी काका एकावरच राहिले. गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की ते कॅमेऱ्याला डोळा लावायचे, श्वास रोखायचे, जिभेचं टोक दातांखाली धरायचे आणि वाट बघायचे. खट् झालं की श्वास सोडून म्हणायचे, "झालं." त्या शब्दासरशी गिऱ्हाईकही श्वास सोडायचं. कित्येकांना आपण श्वास धरला होता हे तेव्हाच कळायचं.

तर अशा या घरात काकूंच्या उजव्या कानाखाली एक गाठ आली.

आधी ती सुपारीएवढी होती. काकूंनी स्कार्फ बांधून महिनाभर ती लपवली, आणि काकांसारख्या चेहरे बघण्यावर पोट भरणाऱ्या माणसाला ती दिसली नाही, हे काकांना नंतर फार लागलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाई समजावून सांगणाऱ्यांपैकी होत्या. त्यांनी कागदावर एक चेहरा काढला, कानाखाली गोल काढला आणि त्या गोलातून पंजासारख्या पसरत जाणाऱ्या पाच-सहा रेघा ओढल्या.

"गाठ काढायलाच हवी, त्यात दुमत नाही," त्या म्हणाल्या. "अडचण या नसेची आहे. चेहरा हलवणारी नस नेमकी गाठीतून जाते. ती सोडवून घ्यायचा आम्ही शंभर टक्के प्रयत्न करू. पण गाठीने तिला धरलं असेल, तर कापावी लागेल. मग ही बाजू सैल पडते. हसू एकाच बाजूला येतं. आणि हा डोळा आपोआप मिटत नाही."

काकूंनी स्कार्फ पुन्हा नीट बांधला. मग काकू म्हणाल्या, "चला, म्हणजे फोटोत एक तरी डोळा उघडा येईल."

डॉक्टरीणबाईंना त्यातलं काही कळलं नाही. काका मात्र फस्सकन हसले, आणि हसता हसताच उठून बाहेर गेले. जिन्याच्या वळणावर कठड्याला धरून ते बराच वेळ उभे होते. रडत होते म्हणायलाही हरकत नाही. तिथे येणारी-जाणारी माणसं अशा गोष्टीकडे बघत नाहीत.

घरी येईपर्यंत काकांच्या मनाने एकच धरलं. ऑपरेशनच्या आधी काकूंचा एक फोटो. अख्खा चेहरा, दोन्ही डोळे उघडे. जो चेहरा त्यांनी तरुणपणापासून रोज समोर पाहिला, तो कुठेच उतरलेला नव्हता, आणि आता तो कदाचित राहणार नव्हता. दुनियेचे चेहरे सांभाळून ठेवणाऱ्या माणसाकडे स्वतःच्या बायकोचा चेहरा नसावा, याची त्यांना भीती वाटू लागली. लाज वाटली असती तर परवडली असती, इतकी भीती वाटू लागली.

त्यांनी काकूंना दुकानातल्या स्टुलावर बसवलं. खट्. मिटलेले. स्वतःचा नियम मोडून दुसरा काढला. मिटलेले. मग मोबाईलने काढून पाहिला, त्याला आवाज नसतो म्हणून. त्यात काकूंनी ठरवून, जोर लावून डोळे उघडे ठेवले होते आणि त्या शिंक दाबून धरल्यासारख्या दिसत होत्या. काकांनी तो लगेच पुसून टाकला.

"राहू द्या हो," काकू म्हणाल्या. "मी तुमच्यासमोर आहे की."

"आहेस," काका म्हणाले, आणि त्यांनी लेन्सला झाकण लावलं.

ऑपरेशनसाठी लेक आली. ती बापाच्याच धंद्यात शिरली होती, पण बापाच्या भाषेत सांगायचं तर भलत्या दाराने. ती बुद्धिबळाच्या मोठ्या स्पर्धांचे फोटो काढायची. तिथे कॅमेऱ्याचा आवाज झाला तर खेळाडू तक्रार करतात आणि फोटोवाल्याला बाहेर काढतात. तिच्या खांद्याला एक काळी बॅग होती. जेवणं झाल्यावर तिने ती टेबलावर उघडली आणि काका खुर्ची ओढून जवळ सरकले.

आत कॅमेरा होता, आणि कप्प्याकप्प्यात लेन्स. रुंद खोली मावेल अशी एक, माणसाच्या नजरेएवढं बघणारी एक, चेहऱ्यांसाठीची पंच्याऐंशी मिलिमीटरची जाडजूड एक, आणि लांबचं ओढून आणणारी पांढरट नळी. काका काही न बोलता उठले, मोरीत जाऊन साबणाने हात धुतले, कोरडे होईपर्यंत पुसले आणि मगच पंच्याऐंशीची लेन्स उचलली. पुढच्या काचेवर दिव्याचा उजेड जांभळा-हिरवा होऊन पडला होता. त्यांनी ती तिरकी केली, सरळ केली, पुन्हा तिरकी केली. काच इतकी स्वच्छ होती, की ती आहे हे त्या रंगावरूनच कळत होतं.

"लाव कॅमेऱ्याला," काका लेकीला म्हणाले, त्यापेक्षा स्वतःलाच म्हणाले असावेत. लेकीने लावून दिली. बारीकसा टिक् झाला आणि दोन्ही एकजीव झाली.

काकांनी डोळा लावला आणि लगेच काढला. "हा तर टीव्ही आहे गं आत."

"बघा तरी, बाबा."

त्यांनी पुन्हा पाहिलं. खोलीत एकच मंद दिवा होता. कोपऱ्यातली काकूंची शिवणाची पेटी नुसत्या डोळ्यांना काळा ठोकळा दिसत होती. कॅमेऱ्यात मात्र तिच्या झाकणावरचा ओरखडासुद्धा दिसत होता. काकांनी तो लेकीकडे वळवला, आणि एक छोटासा हिरवा चौकोन उडत येऊन लेकीच्या डोळ्यावर बसला. लेक हलली, तोही हलला. तिने मान वळवली, तो दुसऱ्या डोळ्यावर गेला. तिने चष्मा घातला, तरी तो काचेमागच्या बुबुळावरच.

"हे कोण करतंय?" काकांनी हळू आवाजात विचारलं.

"कॅमेरा."

"त्याला डोळा कळतो?"

"माणसाचा कळतो, पक्ष्याचा कळतो, कुत्र्याचासुद्धा कळतो."

काकांनी उभ्या आयुष्यात हेच एक काम केलं होतं. डोळा शोधायचा, तो स्पष्ट करायचा, हलला की पुन्हा शोधायचा. तेच काम कुणी इतक्या सहज, दमल्याशिवाय करत होतं. दुसरा एखादा खट्टू झाला असता. काका तसे चिडके होते, पण चांगल्या कामापुढे त्यांचा चिडकेपणा टिकायचा नाही. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "शहाणं आहे हे."

"आणि यात आरसा नाही," लेक म्हणाली. "म्हणून खट् नाही. आवाज मी बंदच ठेवते. शिवाय फोटो निघताना समोरचं काळं होत नाही. दिसतच राहतं."

हे ऐकून काका एकदम गप्प झाले. लेकीला वाटलं, समजलं नसेल. समजलं होतं, आणि म्हणूनच ते गप्प झाले होते. त्यांच्या कॅमेऱ्यात आरसा वर उडाला की बघायची खिडकी क्षणभर काळी व्हायची. फोटो नेमका तेव्हाच निघायचा. म्हणजे त्या क्षणाच्या आधीचं त्यांनी पाहिलं होतं, नंतरचं पाहिलं होतं, पण जो क्षण कागदावर उतरला तो त्यांनी एकदाही पाहिला नव्हता. एवढ्या हजारो माणसांचा एकही नाही. सगळं अंदाजाने. आणि हे त्यांना ठाऊक असूनही आजवर कधी जाणवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक दवाखान्यात कागद द्यायला गेली. जाताना कॅमेरा बापाच्या हवाली करून गेली. "सगळं लावून ठेवलंय. फक्त बटण दाबा. आवाज येणार नाही, लक्षात आहे ना?" काका हो म्हणाले. कानांनी ऐकलं होतं. पण बोटाला कोण सांगणार? बोट आपल्या सवयीचं.

काकू खिडकीपाशी बसून कुणाच्या तरी कोटाची बाही रफू करत होत्या. दवाखान्यात जायच्या आधी तेवढा हातावेगळा करायचा होता. खिडकीतून सौम्य उजेड येत होता, काकांनी वर्षानुवर्षं पडदे लावून लावून दुकानात आणायचा प्रयत्न केला होता तसा. ते दाराच्या चौकटीला टेकले.

"अगं, इकडे बघ."

काकूंनी सुई कापडात टोचून ठेवली आणि वर पाहिलं. चौकोन उजव्या डोळ्यावर बसला. काकांनी श्वास रोखला, जीभ दातांखाली गेली आणि त्यांनी बटण दाबलं.

काहीच झालं नाही. खट् नाही. काकूंचे डोळे मिटले, आणि समोर काळं न झाल्यामुळे काकांना ते मिटताना स्वच्छ दिसलं. बटण नीट बसलं नसावं म्हणून त्यांनी आणखी दाबलं आणि दाबूनच धरलं. अजून काही नाही. काकूंनी डोळे उघडले.

"निघाला?"

"थांब. लागत नाहीये."

काकू थांबल्या. श्वास धरून काका लाल व्हायला लागले. "अहो, श्वास तरी घ्या," काकू म्हणाल्या. त्यांचे डोळे पुन्हा मिटले, पुन्हा उघडले. मग त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू ओसरलं, आणि त्या नुसत्या काकांकडे बघत राहिल्या. दारात वाकून उभा असलेला, घामाघूम झालेला आपला माणूस त्या बघत होत्या. तो चौकोन त्यांच्या डोळ्यावर थरथरत होता, आणि त्या डोळ्यात काकांना खिडकी दिसली, खिडकीबाहेरचं आकाश दिसलं. इतक्या जवळून, इतका वेळ, त्यांनी काकूंकडे कधी पाहिलं होतं ते त्यांना आठवेना. बटणावरचं बोट तसंच राहिलं.

शेवटी त्यांनी कॅमेरा खाली घेतला. "बिघडवला वाटतं मी," ते म्हणाले. पोरीचा जीव की प्राण असलेली वस्तू, आणि आपण तिचं बटण दामटलं. ती येईपर्यंत त्यांनी चहासुद्धा घेतला नाही.

लेक आली. तिने कॅमेरा हातात घेतला, मागच्या पडद्याकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं.

"बाबा, काय केलंत?"

"मी फक्त दाबून धरलं. तो काढेचना."

"तो काढतच होता. बटण सोडेपर्यंत काढतो तो. निम्मं कार्ड भरलंय." आणि मग तिला हसू आवरेना. एकावर दुसरा फोटो न काढणाऱ्या बापाने एका बैठकीत केवढा ढीग घातला होता. काकूही हसायला लागल्या. काका बिचारे खुर्चीत अंग चोरून बसले.

पण लेकीने फोटो मोठ्या पडद्यावर लावले, आणि हसणं हळूहळू थांबलं.

काकूंचा चेहरा पडदाभर आला. कपाळावरची बारीक केसांची लव, भुवईतला एकच पांढरा केस, गालाला चिकटलेला निळ्या धाग्याचा तुकडा. एकेक पापणी मोजून घ्यावी. लेक एकेक फोटो पुढे सरकवत होती आणि दोन फोटोंमध्ये केसाएवढा फरक होता. काका पुढे वाकले. डोळा उघडा असतो आणि मिटलेला असतो, एवढंच त्यांना माहीत होतं. या दोन्हींच्या मध्ये एवढं मोठं काही घडतं, हे ते पहिल्यांदा बघत होते. आधी ओठाचा डावा कोपरा किंचित वर गेला. मग उजवा. मग गाल वर आले. गालांनी खालच्या पापण्या उचलल्या, डोळ्यांच्या कडांना तीन-तीन चुण्या पडल्या, आणि सगळ्यात शेवटी वरच्या पापण्या खाली आल्या. दोन्ही एकदम, सावकाश.

"पुन्हा लाव," काका म्हणाले. लेकीने पुन्हा लावलं. तिसऱ्यांदाही लावलं.

"आवाज तर नव्हता," काका म्हणाले. "मग डोळे का मिटले? ही दचकत नाहीये. ही हसतेय. हसताना हिचे डोळे मिटतात." ते काकूंकडे वळले. "तू हसत होतीस? दर वेळी?"

काकू कोटाच्या बाहीवरचा धागा चिमटीत धरून बसल्या होत्या. "तुम्ही जीभ दातांखाली धरता ना, तेव्हा. मला कधी आवरताच आलं नाही."

"मग सांगायचं नाही? इतकी वर्षं मी कॅमेऱ्याला दोष देतोय."

"सांगितलं असतं तर तुम्ही धरली नसती."

लेक उठून पाणी आणायला गेली. तहान तिला लागली नव्हती.

हवा होता तो फोटोही त्यात होता. शेवटी शेवटी, काकू नुसत्या बघत राहिल्या होत्या तेव्हाचा. दोन्ही डोळे उघडे, शांत, आणि सरळ काकांवर. उजव्या बुबुळात खिडकी होती. काकांनी तो दुकानात नेला आणि स्वतः छापला, मोठ्या, जाड कागदावर. मशीनमधून कागद बाहेर येत असताना आधी केस आले, मग कपाळ, मग ते डोळे, आणि काका तिथेच स्टुलावर बसले. ज्यासाठी जीव टांगणीला लागला होता ते मिळालं होतं. त्यांच्या हातून निघालेला हा सगळ्यात चांगला फोटो होता, आणि तो चुकून निघाला होता, याचं त्यांना जराही वाईट वाटलं नाही.

दवाखान्यात जायच्या सकाळी काकू पलंगावर बॅग भरत होत्या. स्वेटर, चप्पल, चष्म्याचं घर. काका फोटो घेऊन आत आले. त्यांना वाटलं होतं, द्यावा, सोबत राहील. तोवर काकूंनी उशीखालून दुसरा एक फोटो काढला. लेकीकडून त्यांनी गुपचूप छापून घेतला होता, तळहाताएवढा.

काकांनी पाहिलं. त्यात डोळे मिटलेले होते. दोन्ही पापण्या सारख्या खाली, दोन्ही गाल सारखे वर, ओठ दोन्हीकडे सारखे.

"हा कशाला?" काका म्हणाले. "अगं, हा तर..." बिघडलेला, असं ते म्हणणार होते. चाळीस वर्षांची जिभेची सवय.

"उघडे डोळे काय, उघडेच राहायचेत," काकू म्हणाल्या. "मिटलेले परत असे दिसतील न दिसतील. डॉक्टरीणबाईंना दाखवीन हा. गाठ सोडवताना त्यांना ठाऊक असू दे, काय सांभाळायचंय ते."

काका त्यांच्या शेजारी पलंगावर बसले. मोठा फोटो त्यांनी मांडीवर पालथा ठेवला आणि कितीतरी वेळ तो छोटाच बघत राहिले. काकूंचा अंगठा त्या फोटोच्या मधोमध, नेमका गालावर आला होता.

"कडेने धर," काका म्हणाले. "बोटं उमटतात."

काकूंनी तो कडेने धरला.